भूकंपाच्या लहरी जमिनीतून कशा धावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूकंपाची बातमी आली की आधी आकडा विचारला जातो: किती रिश्टर? खोल कुठेतरी खडक तुटला, त्याचा धक्का एवढ्या लांब आला कसा, हे सहसा कुणी विचारत नाही. पण या विषयावर बोलून झाल्यावर लोक जवळ येतात आणि मग नेमकं हेच विचारतात. ते प्रश्न इथे आहेत, जवळपास ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने.

लहर येते म्हणजे तिकडची जमीन इकडे येते का?

नाही. प्रवास धक्क्याचा होतो, मातीचा नाही. दाटीने उभ्या असलेल्या रांगेत शेवटच्या माणसाने पुढच्याला ढकललं की तो धक्का पार पहिल्या माणसापर्यंत पोचतो, पण ढकलणारा आपल्या जागीच असतो. खडकाचा प्रत्येक कण असाच किंचित हलतो, शेजाऱ्याला हलवतो आणि जागेवर परततो.

हे हलणं किती असतं हे कळलं की बरेच जण चकित होतात. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपात पृथ्वीवर जवळपास सर्वत्र जमीन निदान एक सेंटीमीटर तरी हलली. तुम्ही तेव्हा जिथे कुठे असाल तिथेही. जाणवलं नाही, कारण ती लहर इतकी संथ होती की एका हेलकाव्यालाच कितीतरी सेकंद लागत होते. माणसाला अंतर जाणवत नाही, झटका जाणवतो.

मुळात लहर उठते कशी?

लाकडी पट्टी दोन्ही टोकांना धरून हळूहळू वाकवा. बराच वेळ काहीच होत नाही, ती नुसती वाकते. मग काडकन मोडते आणि हातांना झिणझिण्या येतात. भूकंपाच्या लहरी म्हणजे त्या झिणझिण्या.

खडकही वाकतो, फक्त फार कमी आणि फार सावकाश. भूगर्भातल्या एखाद्या जुन्या भेगेच्या, म्हणजे भ्रंशाच्या, दोन बाजू एकमेकींना घासत सरकू पाहतात. घर्षण त्यांना धरून ठेवतं. ताण शंभर-दोनशे वर्षं साठत राहतो. घर्षण हरलं की दोन्ही बाजू झटक्यात सरकतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर भ्रंशावरून जाणारी सरळ कुंपणं मध्येच तुटून काही मीटर बाजूला गेलेली दिसली. त्या मोजमापांवरून हॅरी फिल्डिंग रीड यांनी हा हिशेब मांडला आणि तो आजही टिकून आहे.

इथे एक गैरसमज खोडायला हवा. नकाशावर भूकंपाचं केंद्र टिंबाने दाखवतात, त्यामुळे सगळी ऊर्जा एका बिंदूतून निघाली असं वाटतं. प्रत्यक्षात ते टिंब म्हणजे तुटायला जिथे सुरुवात झाली ती जागा. तिथून तूट भ्रंशावर सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावत जाते, कापडाला एकदा चीर गेली की ते जसं फाटत जातं तशी. सुमात्राला हे फाटणं बाराशे किलोमीटरहून लांब गेलं आणि आठ-दहा मिनिटं चाललं. या सगळ्या वाटेवरून लहरी निघत होत्या. मोठ्या भूकंपात ‘केंद्रापासून आपण लांब आहोत’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. तुटलेल्या भ्रंशापासून आपण किती लांब आहोत ते पाहावं.

पी आणि एस लहरी म्हणजे काय?

पी म्हणजे प्राथमिक, आधी पोचणारी. एस म्हणजे सेकंडरी, दुय्यम, मागून येणारी. ही नावं फक्त येण्याच्या क्रमावरून पडली आहेत, महत्त्वावरून नाही. नुकसान करण्यात दुय्यमच पुढे असते.

पी लहर खडकाला दाबते आणि ताणते, जायच्या दिशेतच पुढे-मागे. हवेतला आवाज असाच जातो, म्हणून पी लहरीला खडकातला आवाज म्हटलं तरी चालेल. फक्त आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि पी लहर कठीण खडकात पाच ते सात किलोमीटर. एस लहर खडकाला आडवं हलवते. दोरीचं एक टोक खिळ्याला बांधून दुसरं झटकलं की जी नागमोडी धावते तशी. तिचा वेग पी लहरीच्या साधारण ६० टक्के.

हा फरक का? पदार्थ दाबला की प्रतिकार करतो आणि पिळवटला की वेगळा प्रतिकार करतो. पी लहरीला दोन्ही प्रतिकारांची साथ मिळते, एस लहरीला फक्त पिळवटण्याविरुद्धच्या ताठपणाची. आणि द्रवात तो ताठपणा मुळी नसतोच. पाणी दाबलं तर विरोध करतं, पण त्याचा एक थर दुसऱ्यावरून सरकवला तर तो परत जागेवर येत नाही. म्हणून एस लहर द्रवातून जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच पृथ्वीचं पोट उघडायचं आहे.

आधी एक हलका धक्का आणि मग मोठा, असं का वाटतं? दोन भूकंप झाले का?

बहुतेक वेळा भूकंप एकच असतो. हलका धक्का म्हणजे पी, मोठा म्हणजे एस.

टेबलावर पाण्याचा ग्लास आहे असं समजा. आधी खालून कुणी टेबलाला ठोसा दिल्यासारखं होतं. काच किणकिणते, पाण्यावर बारीक गोल वलयं उठतात. लोक म्हणतात, बाहेरून ट्रक गेला असेल. काही सेकंद शांतता, आणि मग पाणी एका बाजूने वर चढतं, दुसऱ्या बाजूने सांडतं, टांगलेला दिवा झुलायला लागतो. ही एस लहर.

पहिली उभी आणि दुसरी आडवी का वाटते? लहर खोलातून वर येताना अधिकाधिक मऊ आणि मंद थरांत शिरते आणि प्रत्येक थरात तिची वाट थोडी उभी होत जाते. पृष्ठभागापाशी ती जवळजवळ सरळ खालूनच येते. मग जायच्या दिशेत हलवणारी पी तुम्हाला वर-खाली हलवते आणि आडवी हलवणारी एस तुम्हाला डावी-उजवीकडे फेकते. इमारती स्वतःचं वजन पेलायला बांधलेल्या असतात, त्यामुळे वर-खाली धक्का त्या बऱ्यापैकी सोसतात. आडव्या धक्क्याने त्यांचे खांब कातरले जातात.

गडगडाट ऐकू येतो तो कशाचा?

पी लहरीचाच. ती जमिनीच्या पृष्ठभागाशी पोचली की जमीन ढोलाच्या चामड्यासारखी हवेला ढकलते. त्यातली जी कंपनं कानाला ऐकू येण्याइतकी जलद असतात ती ऐकू येतात.

पृष्ठीय लहरी वेगळ्या का धरतात?

पी आणि एस पृथ्वीच्या पोटातून सगळीकडे पसरतात. पृष्ठीय लहरी नावाप्रमाणे पृष्ठभागाला धरून चालतात. त्यांचे दोन प्रकार, आणि दोन्ही आधी कागदावर गणिताने सापडले. १८८५ मध्ये लॉर्ड रॅले यांनी दाखवलेली रॅले लहर जमिनीला लंबगोलात फिरवते. १९११ मध्ये ए. ई. एच. लव्ह यांनी मांडलेली लव्ह लहर फक्त आडवी सळसळते, वर-खाली काही नाही.

त्या सगळ्यात उशिरा येतात, पण लांबवर जोर टिकवून ठेवतात. पोटातून जाणारी लहर फुग्यासारखी तिन्ही दिशांना पसरत पातळ होते. पृष्ठीय लहर पाण्यावरच्या वलयासारखी दोनच दिशांना पसरते, म्हणून हळू विरते. हजारो किलोमीटरवरच्या उथळ भूकंपाच्या आलेखात सर्वांत रुंद, सर्वांत उंच रेघोट्या यांच्याच असतात.

भूकंप किती लांब झाला हे यंत्राला कसं कळतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर घड्याळ असलेला कुणीही देऊ शकतो.

भूकंपालेख, म्हणजे भूकंपमापकाने कागदावर काढलेली रेघ, समोर घ्या. डावीकडून एक जवळजवळ सपाट रेघ येते. एका जागी ती अचानक थरथरते: बारीक, दाट दात. ही पी. थोड्या वेळाने दात एकदम मोठे होतात: ही एस. दोन्हींमधलं अंतर सेकंदांत मोजा आणि आठने गुणा. जवळच्या भूकंपासाठी अंतर साधारण तेवढे किलोमीटर. २५ सेकंद असतील तर भूकंप सुमारे २०० किलोमीटरवर झाला.

आठ कुठून आले? पी सेकंदाला सहा किलोमीटर आणि एस साडेतीन किलोमीटर धरा. २०० किलोमीटरला पीला लागतात ३३ सेकंद, एसला ५७. फरक २४. दोघी एकत्र निघालेल्या असतात, एक मागे पडत जाते. जितका लांबचा पल्ला तितकी फट मोठी. हजारो किलोमीटरच्या अंतराला हा गुणाकार चालत नाही, कारण तिथे लहरी खोलातल्या जलद थरांतून जातात. त्यासाठी तयार कोष्टकं असतात.

एका नोंदणी केंद्रावरून, म्हणजे भूकंपमापक असलेल्या ठिकाणावरून, फक्त अंतर कळतं, दिशा पक्की कळत नाही. म्हणून तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळं काढायची; जिथे तिन्ही छेदतात तिथे भूकंप. आज हे काम संगणक शेकडो केंद्रांवरून करतो, पण युक्ती हीच.

लहरी सरळ रेषेत जातात का?

नाही. खोल जावं तसा खडक दाबाने अधिक ताठ होतो आणि लहरींचा वेग वाढतो. वेग बदलला की वाट वळते; त्यामुळे खाली निघालेली लहर वळत वळत पुन्हा वर येते. तिची वाट धनुष्यासारखी, पोट खाली असलेली.

यातून एक मजेशीर गोष्ट घडते. ८ ऑक्टोबर १९०९ ला झाग्रेबजवळ भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोव्हिचिच यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा काही नोंदणी केंद्रांवर एकाच भूकंपाच्या दोन-दोन पी लहरी दिसल्या. त्यांनी ओळखलं की एक लहर वरच्या कवचातूनच आली आणि दुसरी खाली जाऊन वेगवान थरातून धावून वर आली. लांबच्या केंद्रावर वळसा घेतलेली लहर आधी पोचत होती, आडरस्त्याऐवजी लांबचा हमरस्ता धरणारी गाडी आधी पोचते तशी. कवच आणि त्याखालचं प्रावरण यांच्यातली ही सीमा आजही ‘मोहो’ म्हणून ओळखली जाते. खंडांखाली ती साधारण ३० ते ५० किलोमीटर खोल आहे, समुद्रतळाखाली ५ ते १० किलोमीटर.

पृथ्वीचा गाभा कुणी पाहिलेला नाही, मग तो द्रव आहे हे कशावरून?

एस लहरी परत आल्या नाहीत, यावरून.

रिचर्ड ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदी अभ्यासताना त्यांनी आलेखात पी, एस आणि पृष्ठीय लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचा पुरावा मांडला. पुढे बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली सुमारे २,९०० किलोमीटर काढली. भूकंपापासून पृथ्वीच्या गोलावर सुमारे १०४ अंशांपलीकडे थेट एस लहर कुठेच पोचत नाही. गाभ्याने ती गिळलेली असते. पी लहर गाभ्यात शिरते, पण तिथे तिचा वेग घटतो, ती आत वळते आणि साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात तिची सावली पडते, म्हणजे तिथे ती थेट पोचत नाही. १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी गाभा द्रव असल्याचं ठामपणे मांडलं.

मग गोष्ट संपायला हवी होती. पण त्या सावलीच्या पट्ट्यातही क्षीण पी लहरी नोंदल्या जात होत्या. बहुतेकांनी त्यांची कशीबशी समजूत घातली. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी घातली नाही. १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी तपासून त्यांनी १९३६ मध्ये सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे आणि लहरी त्यावरून वळून येत आहेत. त्या शोधनिबंधाचं शीर्षक फक्त ‘पी’ हे अक्षर आणि त्यावर एक छोटी तिरकी रेघ, एवढंच होतं. आतला गाभा घन आहे हे पुढे स्पष्ट झालं.

शेजारचं गाव ठीक राहिलं आणि आमच्याकडे पडझड झाली. असं का?

पायाखाली काय आहे ते पाहा. माझ्या मते रिश्टरच्या आकड्यापेक्षा हा प्रश्न जास्त विचारला जायला हवा.

खडकातून वेगाने आलेली लहर मऊ गाळात शिरली की तिचा वेग पडतो. ऊर्जा मात्र मागून येतच राहते. मग ती हेलकावा मोठा करते. समुद्राची लाट उथळ किनाऱ्याशी उंच होते तसं. त्यात गाळ एखाद्या भांड्यासारख्या खोलगट खडकात साठलेला असेल तर लहरी आत अडकून काठांवर आपटत राहतात आणि हलणं लवकर थांबत नाही.

१९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिकोचा भूकंप याचं सगळ्यात कडू उदाहरण. केंद्र प्रशांत किनाऱ्याजवळ, मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मधली गावं त्या मानाने कमी हादरली. पण शहराचा मधला भाग एका आटवलेल्या तळ्याच्या चिकणमातीवर उभा आहे. ती माती दोन सेकंदांना एक झोका या तालात डोलू लागली. इमारतीलाही स्वतःचा ताल असतो. ढोबळमानाने मजल्याला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे दहा मजल्यांना एक सेकंद. इमारतीला तडे जायला लागले की ती सैल होते आणि तिचा झोका आणखी लांबतो, दोन सेकंदांकडे सरकतो. झोपाळा बरोबर वेळेवर ढकलला की उंच जातो, तेच इथे झालं. शास्त्रात याला अनुनाद म्हणतात. सर्वाधिक मार बसला तो साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींना. जुन्या बैठ्या घरांपैकी पुष्कळ टिकली, आणि शहराच्या टेकड्यांवरच्या खडकावर असलेल्या भागाला फारशी झळ लागली नाही.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असूनही तिथल्या बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे गाळाबरोबर बांधकामातल्या त्रुटींचाही वाटा होता. लहर फक्त ढकलते. काय पडायचं ते बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असतं.

जमीन पाण्यासारखी होते म्हणतात, ते खरं?

खरं. ओली, सैल वाळू हलवली की तिचे कण जवळ येऊ पाहतात; मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांवर टेकेनासे होतात. १९६४ मध्ये जपानच्या निगाता शहरात काही चार मजली इमारती अशाच आख्ख्या कलंडल्या, भिंती जवळपास धड ठेवून.

लांबचा भूकंप वरच्या मजल्यावर जाणवतो, खाली नाही. भास होतो का?

भास नाही. खडक गाळणीसारखा वागतो: जलद कंपनं वाटेत जिरतात, संथ झोके लांब जातात. आणि संथ झोक्यांशी उंच इमारतीचाच ताल जुळतो. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपात सातशे किलोमीटरहून दूर असलेल्या ओसाकातली एक ५५ मजली इमारत मिनिटांमागून मिनिटं डोलत राहिली.

मग लहर येण्याआधी इशारा देता येतो का?

देता येतो, पण भूकंपाचं भाकीत म्हणून नव्हे. भूकंप होऊन गेलेला असतो. आपण फक्त लहरीशी शर्यत लावतो. लहर सेकंदाला काही किलोमीटर जाते, तर तारेतला संदेश जवळपास प्रकाशाच्या वेगाने.

तुम्ही भ्रंशापासून १५० किलोमीटरवर आहात असं धरा. एस लहर सुमारे ४३ सेकंदांनी येईल. भ्रंशाजवळच्या यंत्राला पी लहर तीन-चार सेकंदांत लागली आणि संगणकाने आणखी पाच सेकंद घेतले, तरी तुमच्या हातात अर्धा मिनिट उरतो. गॅस बंद होतो, लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबते, आगगाडीला ब्रेक लागतो. जपानमध्ये ही सेवा २००७ पासून सर्वांसाठी सुरू आहे; २०११ ला पहिली पी लहर नोंदल्यावर सुमारे आठ सेकंदांत इशारा गेला होता. पण तुम्ही भ्रंशापासून २० किलोमीटरवर असाल तर एस सहा सेकंदांत येते आणि इशारा मागून. ज्यांना सर्वाधिक गरज, त्यांनाच तो मिळत नाही, ही या पद्धतीची अडचण कुठल्याही यंत्राने सुटणारी नाही.

प्राण्यांना आधी कळतं का?

काही सेकंद आधी कळत असावं, पी लहर आपल्याला जाणवत नाही इतकी बारीक असली तरी कुत्र्याला जाणवू शकते. त्याहून आधीच्या गोष्टी बहुतेक भूकंपानंतर आठवलेल्या असतात.

रिश्टर एकाने वाढला म्हणजे लहर किती मोठी?

आलेखावर हेलकावा दहापट, ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत हजारपट.

लहरी कधी थांबतात?

पी लहर पृथ्वीच्या आरपार २० मिनिटांत जाते. पृष्ठीय लहरी सुमारे तीन तासांत पृथ्वीला फेरी मारतात, आणि मोठ्या भूकंपानंतर अनेक फेऱ्या मारतात. १९६० च्या ९.५ महत्तेच्या चिली भूकंपानंतर आख्खी पृथ्वी घंटेसारखी कंप पावत असल्याचं मोजता आलं. त्यातला सर्वांत संथ सूर असा की एका कंपनाला ५४ मिनिटं.

आणि चंद्रावर?

तिथे फार वेळ लागतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी आपलं रिकामं झालेलं यान मुद्दाम चंद्रावर आपटू दिलं. तिथे ठेवलेल्या भूकंपमापकाची रेघ जवळजवळ तासभर थरथरत राहिली. चंद्राच्या वरच्या थरातला खडक कोरडा आणि भेगाळलेला आहे: भेगांवर लहर पुन्हा पुन्हा विखुरते, आणि तिची ऊर्जा शोषून घ्यायला पाणी नाही. पृथ्वीवर एवढ्याच धक्क्याची रेघ काही मिनिटांत सपाट झाली असती.